दारूचा हिशोब कसा ठेवायचा आणि त्यावरून ती कमी कशी करायची

तीन वर्षांपूर्वी रक्ततपासणीत माझे लिव्हरचे आकडे वाढलेले आले. डॉक्टरांनी विचारलं, "किती घेता?" मी म्हणालो, "आठवड्यातून दोन-तीनदा, दोन-दोन पेग." त्यांनी तेवढं लिहून घेतलं. मी खोटं बोलत नव्हतो, मला खरंच तसं वाटत होतं. भांडुपला घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, शनिवारचं धरलंत का त्यात?" शनिवार मी धरला नव्हता. रविवारी दुपारी मटणाबरोबर घेतलेली बिअरही धरली नव्हती, कारण बिअर म्हणजे दारू हे माझ्या डोक्यात कधी बसलंच नव्हतं.

त्या रात्री मुलाची एक अर्धी कोरी शंभरपानी वही घेतली आणि लिहायला लागलो. त्या वहीतून जे शिकलो ते इथे सविस्तर सांगतो. ज्यांना एकदम सोडायची नाही पण कमी करायची आहे, "कमी करतो" असं अनेकदा ठरवूनही जमत नाही, आणि नेमकं किती होतंय याचा अंदाज नाही, अशांसाठी हे आहे.

सुरू करण्याआधी एक गोष्ट तपासा

सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? घाम सुटतो, मळमळतं, आणि थोडी घेतली की बरं वाटतं का? पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फिट आली होती, किंवा नसलेली माणसं, किडे दिसले होते का? यातल्या एकालाही 'हो' असेल, तर वही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. शरीराला दारूची सवय जडलेली असताना ती अचानक तोडली, की ६ ते २४ तासांत थरथर, घाम, बेचैनी सुरू होते. फिट आली तर ती बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांत येते. दोन ते चार दिवसांत भ्रम आणि ताप असा प्रकारही होतो आणि त्यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडे गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी श्रावण म्हणून पूर्ण बंद करणारे खूप आहेत. अधूनमधून पिणाऱ्याला त्याने काही होत नाही, पण रोज पिणाऱ्यासाठी ते धोक्याचं आहे. अशा माणसाची दारू औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या नजरेखालीच उतरवावी लागते. केईएम, सायन, नायर, जे.जे. या सगळ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि तिथे या कामासाठी ओपीडीत जाता येतं.

गरोदर बाईसाठी कमी-जास्त असा प्रश्नच नाही, दारू पूर्ण बंद. झोपेच्या, फिटच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तरी आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

पेग मोजून उपयोग नाही

माझी पहिली चूक इथे झाली. पहिल्या आठवड्यात मी नुसतं '२ पेग', '१ बिअर', '२ बिअर' असं लिहीत होतो. त्यातून काहीच कळेना. पेग म्हणजे कोणाला ३० मिलीचा स्मॉल वाटतो, कोणाला ६०चा लार्ज, आणि घरी ओतताना तर तो ७५चाही होतो. बिअर ५ टक्क्यांची असते आणि ८ टक्क्यांचीही. या सगळ्यांची बेरीज करायची तर माप एकच हवं, आणि ते माप म्हणजे पोटात गेलेल्या शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम.

हिशोब सोपा आहे. किती मिली प्यायलो, त्याला बाटलीवरच्या टक्क्यांनी गुणा, १००ने भागा, मग ०.७९ने गुणा, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. उत्तर ग्रॅममध्ये येतं. १० ग्रॅमला एक युनिट धरायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत हेच १० ग्रॅमचं माप वापरतात.

आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडका, ब्रँडीच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. काहींवर '७५ प्रूफ' किंवा '२५ यू.पी.' असतं, त्याचा अर्थही ४२.८ टक्केच. दर वेळी गणित करायला नको म्हणून हे आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले:

स्मॉल (३० मिली) – १ युनिट
लार्ज (६० मिली) – २
नाइंटी (९० मिली) – ३
क्वार्टर (१८० मिली) – ६
खंबा (७५० मिली) – २५
माइल्ड बिअर, ५ टक्के, ६५० मिलीची बाटली – २.५
स्ट्राँग बिअर, ८ टक्के, ६५० मिली – ४
वाईन, साधारण १२.५ टक्के, १५० मिलीचा ग्लास – १.५

स्ट्राँग बिअरच्या ओळीवर थोडं थांबा. एक मोठी बाटली म्हणजे दोन लार्ज. "आज फक्त बिअर" म्हणून दोन स्ट्राँग संपवणारा माणूस चार लार्ज पितो. हे मला चाळीशी उलटल्यावर कळलं. देशीच्या बाटलीवरही टक्के छापलेले असतात, ते वाचून गणित करा. कॉकटेलमध्ये काय काय आणि किती घातलंय ते बारटेंडरला विचारा. सांगता आलं नाही तर ३ युनिटं धरा.

मोबाइलवर अ‍ॅप वापरणार असाल तर त्यात युनिट किती ग्रॅमचं आहे ते आधी बघा. ब्रिटनमध्ये ते ८ ग्रॅमचं असतं, अमेरिकेत १४चं. सेटिंग न बदलता वापरलंत तर सगळा हिशोब चुकतो. मला वहीच बरी वाटली, कारण वही उघडली की मागचे दिवस आपोआप डोळ्यांखालून जातात.

घरचा पेग मोजून बघा

हा प्रयोग दहा मिनिटांचा आहे आणि माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा. नेहमीच्या ग्लासात, नेहमीच्या सवयीने पेग ओता, पण दारूऐवजी पाणी घ्या. मग ते पाणी मापून बघा. घरात खोकल्याच्या औषधाचं खुणा केलेलं प्लास्टिकचं टोपण असतंच, त्याने मोजता येतं. असं तीनदा करा. माझा 'साठचा' पेग तिन्ही वेळा ७०च्या पुढे गेला, एकदा ८०. म्हणजे ज्या रात्री मी दोन पेग म्हणत होतो, त्या रात्री अडीच होत होते.

त्यानंतर ३० आणि ६० मिली पाणी मापून ग्लासावर बाहेरून नेलपॉलिशची रेघ ओढा. धुतली तरी ती बरेच दिवस टिकते. पेग मोजायचा स्टीलचा मेजर मिळाला तर उत्तमच. स्टीलच्या पेल्यात मात्र पिऊ नका, आत किती आहे ते दिसत नाही.

वहीत काय लिहायचं आणि कधी

तारीख, वेळ, कुठे आणि कोणाबरोबर, काय, किती मिली, किती युनिटं. शेवटचा रकाना, आणि तो गाळू नका: 'त्याआधी काय चाललं होतं'. दोन-तीन शब्द पुरेत. 'साहेबांशी वाजलं', 'भूक', 'मॅच', 'काहीच नाही, सवय'. हवं तर खर्चाचाही रकाना करा.

नियम एकच: ग्लास तोंडाला लावायच्या आधी लिहायचं. सकाळी उठून लिहिलेला आकडा नेहमी कमी येतो. त्यात लबाडी नसते. दुसऱ्या पेगनंतर मोजणारं डोकंच सैल झालेलं असतं. आधी लिहिण्याचा दुसरा फायदा मला नंतर कळला. पेन उचलायला जो अर्धा मिनिट लागतो, त्यात कधी कधी "राहू दे आता" असं मनात येतं. वही नसताना तो अर्धा मिनिट मला कधी मिळालाच नव्हता.

पर्मिट रूममध्ये वही काढून बसणं कोणाला जमणार? तिथे मी स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करतो. ऑर्डर दिली की '६० रम', एवढंच. घरी आल्यावर वहीत उतरवतो. मित्रांना वाटतं मी घरी मेसेज करतोय, आणि ते मला चालतं.

बाहेर बसल्यावर हिशोब बिघडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. ग्लास अर्धा असतानाच कोणीतरी त्यात आणखी ओततो आणि मग किती झालं ते देवालाही सांगता येत नाही. म्हणून ग्लास पूर्ण रिकामा झाल्याशिवाय पुन्हा भरू द्यायचा नाही, हे आधीच सांगून ठेवा. टेबलावर क्वार्टर मागवून वाटून घेत असाल तर तिघांत एक म्हणजे प्रत्येकी २ युनिटं, एवढं पाठ असू द्या. बिअरचा टॉवर शक्यतो टाळा, त्यात कोणाचं किती याला मोजमाप उरत नाही. वेटर "साहेब, रिपीट?" विचारतो तेव्हा आपण बोलण्याच्या नादात मान डोलावतो. त्याला सुरुवातीलाच सांगा, "मी बोलावल्याशिवाय रिपीट नको." कोणी वाईट वाटून घेत नाही.

पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका

उत्साहात लोक पहिल्या दिवसापासून कमी करायला जातात. मग वहीत येतो तो चांगल्या वागणुकीचा आठवडा, आपला खरा आठवडा नव्हे. दोन आठवडे नेहमीसारखं जगा आणि लिहा. ज्या दिवशी घेतली नाही त्या दिवशी शून्य लिहा, पान कोरं सोडू नका. नंतर बघताना 'घेतली नाही' आणि 'लिहायचं राहिलं' यातला फरक कळायला हवा.

माझा सगळं नीट मापून लिहिलेला पहिला आठवडा असा होता. बुधवारी घरी दोन पेग, माझ्या हाताचे, मिळून १५० मिली: ५ युनिटं. शुक्रवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर तीन लार्ज: ६. शनिवारी मित्राकडे दोन स्ट्राँग बिअर आणि वर एक लार्ज: १०. रविवारी दुपारी एक माइल्ड बिअर आणि संध्याकाळी एक लार्ज: ४.५. सोमवार, मंगळवार, गुरुवार शून्य. एकूण २५.५.

पहिल्या पानावरचा तक्ता बघितला. खंबा, २५ युनिटं. चार दिवस प्यायलो आणि आठवड्याला एक अख्खी बाटली रिचवली. डॉक्टरांना सांगितलेले 'दोन-तीनदा, दोन-दोन पेग' म्हणजे फार तर १२ युनिटं. फरक दुपटीहून जास्त होता. त्या दिवशी मी बराच वेळ गॅलरीत बसून राहिलो.

वही वाचायची कशी

दोन आठवड्यांनी शांतपणे बसा, दिवसा, न घेता. आधी एकूण आकडा. मग सगळ्यांत जड दिवस कोणता ते बघा. मग शेवटचा रकाना वरून खाली एका दमात वाचा.

माझ्या वहीत बुधवारसमोर दोन्ही वेळा 'उशीर, भूक' असं होतं. बुधवारी ऑफिसातून निघायला उशीर व्हायचा, गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने यायचो, पोटात दुपारनंतर काही नसायचं, आणि स्टेशनबाहेर पडलं की वाईन शॉप वाटेतच. इतकी वर्षं मी त्याला 'ताण' म्हणत होतो. ती साधी भूक होती. तेव्हापासून बुधवारी बॅगेत दोन केळी आणि शेंगदाणे ठेवतो, ठाण्याकडे येणाऱ्या गाडीतच खातो आणि स्टेशनच्या दुसऱ्या बाजूने उतरतो. अर्ध्याअधिक बुधवारची बाटली तिथेच सुटली. तुमच्या रकान्यात दुसरं काही निघेल. कोणाच्या वहीत दर वेळी एकच माणूस दिसतो, कोणाच्या वहीत रात्री अकरानंतरचा एकटेपणा. तो रकाना वाचल्याशिवाय उपाय ठरवू नका.

याच बैठकीत जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी सोडवा. इंटरनेटवर मिळते. ४०पैकी ८ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याच्या पट्ट्यात आहे, २० किंवा जास्त आले तर दारूचं अवलंबित्व असण्याची दाट शक्यता, आणि तेव्हा डॉक्टरांना गाठायचं.

"मग किती चालेल?" असं मला लोक विचारतात. सुरक्षित असा कोणताही आकडा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. दारू कर्करोगाला कारणीभूत ठरते, हे तर १९८८पासून मान्य झालेलं आहे. म्हणून मी कोणाला कोटा सांगत नाही. आजच्यापेक्षा कमी, आणि पुढच्या महिन्यात त्याहून कमी. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच युनिटांनी त्यांच्या रक्तातलं अल्कोहोल जास्त चढतं, हेही ध्यानात घ्या.

कमी करायची, पण एका वेळी एकच जागा

माझ्या आठवड्यात मी आधी फक्त तीन गोष्टी बदलल्या, तीन वेगवेगळ्या आठवड्यांत. घरचा पेग रेघेपर्यंतच: ५चे ४ झाले. शुक्रवारचा तिसरा लार्ज बंद: ६चे ४. शनिवारी स्ट्राँगऐवजी माइल्ड: १०चे ७. एकही दिवस न सोडता २५.५वरून १९.५वर आलो. त्यानंतर रविवार संध्याकाळ सोडली, मग बुधवार.

तिसऱ्या पेगबद्दल आवर्जून सांगतो. पहिला आपण घेतो, दुसऱ्यात गप्पा रंगतात. तिसऱ्यातलं मला वहीत कधीच काही लिहिता आलं नाही, कारण त्यातून काही मिळतच नव्हतं. तुमचा असा 'फुकटचा' पेग कोणता ते शोधा आणि आधी तो काढा.

मुंबईच्या उकाड्यात गाडीतून उतरून थेट बिअर उघडली, की पहिला ग्लास तहानेलाच जातो. आधी दोन ग्लास पाणी किंवा लिंबूपाणी प्या. खारट चखणा पुन्हा तहान लावतो, त्यापेक्षा चणे, काकडी, उकडलेली अंडी मागवा. प्रत्येक ग्लासानंतर एक ग्लास पाणी.

मित्रांचं काय, हा सगळ्यांचा खरा प्रश्न. मी "सोडली" म्हणालो असतो तर दोन तास वाद झाला असता. मी म्हणालो, "आज माझे दोन, मग फ्रेश लाइम सोडा." आकडा सांगितला की लोक फारसा आग्रह करत नाहीत. दुसरी अडचण कॉन्ट्रीची. बिल सारखं वाटलं जातं, मग ज्याने दोनच घेतले त्याला वाटतं, पैसे भरतोच आहे तर आणखी एक घेऊ. बसायच्या आधीच सांगा की माझं वेगळं धरा. जिथे ते बोलता येत नाही तिथे जास्तीचे पैसे सोडून द्या.

गाडी चालवणाऱ्यांनी युनिटाचा आणखी एक उपयोग लक्षात ठेवावा. शरीर साधारण तासाला एक युनिट उतरवतं, कधी त्याहूनही हळू. सहा युनिटं म्हणजे सहा तास तरी. रात्री उशिरा संपवलेली दारू सकाळी स्कूटर काढताना रक्तात असू शकते, आणि कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे. आंघोळ, काळी कॉफी, लिंबू यांनी हा वेग वाढत नाही.

श्रावण आणि वाईट आठवडे

"मी श्रावण पाळतो, म्हणजे मला सवय नाही," असं मीही म्हणायचो. श्रावण पाळणं चांगलंच आहे, फक्त तो वहीतही पाळा. महिनाभर शून्य लिहा आणि मग पुढचे तीन आठवडे विशेष काळजीने लिहा. पहिल्या वर्षी माझा श्रावण संपल्यानंतरचा आठवडा ३१ युनिटांचा निघाला. दुसऱ्या वर्षी मी श्रावण संपायच्या आधीच पुढच्या आठवड्याचा आकडा वहीत लिहून ठेवला, १०, आणि १२वर थांबलो. लग्नसराई आणि ३१ डिसेंबरच्या आधीही तसंच करतो.

एखादा आठवडा हाताबाहेर जाईल. माझ्या भावाच्या आजारपणात सलग नऊ दिवस मी लिहिलंच नाही. ती पानं फाडू नका. आठवेल तेवढं लिहा, बाजूला 'अं.' म्हणजे अंदाज, आणि शंका असेल तिथे वरचा आकडा धरा. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नेहमीसारखं.

घरच्यांसाठी दोन शब्द. वही तपासायला मागू नका. आमच्या घरी ठरलं होतं की बायको वही उघडणार नाही आणि रविवारी फक्त एकूण आकडा मी तिला सांगेन. तिने उघडली असती तर मी तिच्यासाठी लिहायला लागलो असतो. आणि कृपा करून दारू सुटावी म्हणून जेवणात गुपचूप गोळ्या मिसळू नका. त्या सहसा डायसल्फिरामच्या असतात. नकळत त्यावर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. ती गोळी घेणाऱ्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यायची असते.

आकडा खाली येत नसेल तर

आठ आठवडे लिहूनही आकडा तिथेच असेल, दर वेळी ठरवलेल्यापेक्षा जास्त होत असेल, किंवा वहीतही खोटं लिहावंसं वाटायला लागलं असेल, तर मदत घ्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारा गट, त्याच्या बैठका मुंबईत ठिकठिकाणी होतात. पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. दारूची ओढ कमी करणारी औषधंही आहेत आणि डॉक्टर ती देऊ शकतात, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

डॉक्टरांकडे जाताना अख्खी वही नेऊ नका, त्यांना ती वाचायला वेळ नसतो. एका कागदावर शेवटच्या चार आठवड्यांच्या बेरजा ग्रॅममध्ये लिहा, सर्वांत जड दिवसाचा आकडा, सलग किती दिवस शून्य राहू शकलात तो आकडा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं. सकाळची थरथर कधी झाली असेल तर तेही त्याच कागदावर, सगळ्यांत वर.